अण्णांचं पहिलं लायसन्स

अण्णा कुणाही नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारायचे तो एकच : "सुट्टी कधी आहे?" समोरचा माणूस बायकोने बळजबरीने आणलेला असो, कंपनीने पाठवलेला असो, की हात थरथरतात म्हणून आपणहून आलेला असो. किती पिता, कधीपासून पिता, घरी कोण कोण आहे, हे सगळं नंतर. आधी सुट्टीची तारीख. ती ते एका जुन्या डायरीत लिहायचे आणि तिच्याभोवती पेन्सिलीने चौकट काढायचे. व्यसनमुक्तीच्या समुपदेशकाने माणसाची आधी सुट्टी विचारावी, हे मला पहिल्या दिवशी फारच विचित्र वाटलं होतं.

मी ओमानमध्ये, मस्कतच्या अल हैल भागातल्या एका खाजगी क्लिनिकमध्ये एच.आर. सांभाळते. पुण्यातून आले तेव्हा वाटलं होतं, दोनतीन वर्षं राहू आणि परत जाऊ. आता मुलगी कॉलेजात जायला आली. माझा स्वभाव फॉर्मचा आहे. रिकामा रकाना दिसला की मला अस्वस्थ होतं आणि चुकीच्या रकान्यात भरलेली माहिती दिसली की त्याहून जास्त. अण्णांची आणि माझी गाठ पडली तीही एका फॉर्मवरच.

आमच्या डॉक्टर सालेमा, म्हणजे क्लिनिकच्या प्रमुख, यांनी एक दिवस मला बोलावलं आणि म्हणाल्या, "व्यसनाच्या विभागात माणसं टिकत का नाहीत, ते मला शोधून दे. कोण येतं, कोण जातं, का जातं." मी सगळ्या जुन्या फायली काढल्या. पदव्या असलेली तरुण मुलं-मुली यायची, वर्षभर राहायची, आणि शाळेत नाहीतर मोठ्या इस्पितळात जागा मिळाली की निघून जायची. त्यांना दोष तरी कसा देणार? रोज शिव्या खायच्या, रोज खोटं ऐकायचं, आणि महिन्याभरापूर्वी बरा म्हणून सोडलेला माणूस पुन्हा दारात उभा बघायचा. टिकणाऱ्यांत फक्त एक नाव होतं, आणि ते पगारपत्रकात 'मदतनीस' म्हणून लागलेलं होतं. थोडक्यात, कागद असलेले टिकत नव्हते आणि टिकणाऱ्याकडे कागद नव्हता. मी त्या मदतनिसाला फॉर्म भरायला बोलावलं.

आले ते उंच, काटक, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. देवगडकडचे. आयुष्यभर स्कॅफोल्डिंगचं, म्हणजे परांच्या बांधण्याचं काम केलेले, शेवटी दूर वाळवंटात दुक्मच्या प्रोजेक्टवर फोरमन. मी विचारलं, "अनुभव किती?"

"वीस वर्षं."

"कसला?"

"पिण्याचा," अण्णा शांतपणे म्हणाले. "आणि सोडून अकरा झाली. दोन्ही लिवा, मॅडम. पयल्याशिवाय दुसरा समजत नाय."

मी अर्थातच पहिलं लिहिलं नाही. फॉर्मात असलं काही लिहितात का? मी अकरा लिहिले आणि त्यांना चहा दिला. चहा त्यांनी बशीत ओतून, खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या बघत सावकाश संपवला. मला तेव्हा ते थोडे चक्रम वाटले, हे कबूल करते.

त्या वीस वर्षांबद्दल ते फारसं बोलत नसत. बोलले तर एखादंच वाक्य. "भाचीच्या लग्नाला मी हजर होतो मॅडम, पण लग्न बघितलं ते अल्बममध्ये." हे ते हसत सांगायचे, आणि मग चष्मा पुसायचे. दुक्मच्या कॅम्पवरचा एक मल्याळी नर्स रोज ड्यूटी संपल्यावर त्यांच्या खाटेवर येऊन बसायचा, उपदेश न करता नुसता बसायचा. त्याच्यामुळे सुटली. कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर अण्णा गावी गेले नाहीत. मस्कतला आले आणि आमच्या क्लिनिकच्या दारात उभं राहून म्हणाले, कायपण काम द्या, पण यांच्यात द्या.

सुट्टीच्या प्रश्नाचं इंगित मला मनोहरमुळे कळलं. मनोहर राजापूरकडचा, मस्कतजवळच्या बरक्यात एका दुकानाची गाडी चालवायचा. बरक्याच्या मासळीबाजारासमोर दिवसाढवळ्या गाडी खांबावर घातली तेव्हा त्याला कुणीतरी आमच्याकडे आणून सोडलं. पहिल्या दिवशी त्याचं एकच पालुपद : "अर्बाबाला कळलं तर खलास." अर्बाब म्हणजे त्याचा मालक. अण्णांनी त्याला बसवलं, तारीख विचारली, चौकट काढली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, इकडे माणूस पितो. पण मोडतो तिकडे, सुट्टीत. इकडे ड्यूटी असते, फोरमन असतो, भीती असते. तिकडे उतरला की सगळे वाट बघत असतात. काय आणलंस? काय आणलंस म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. आखातातून सुट्टीवर जाणाऱ्याने ड्यूटी-फ्रीच्या बाटल्या न्यायच्या, हा आपल्या लोकांचा अलिखित नियम. काकाला एक, मित्रांना दोन, सरपंचाला एक. न नेणारा एक तर कंजूष नाहीतर आजारी. माझा नवराही माझ्या आतेभावासाठी न चुकता नेतो, आणि त्यात कधी काही वावगं आहे असं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

अण्णांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे पार्सल. कुणीही सुट्टीवर निघाला की अण्णा त्याला खजुराचा मोठा डबा द्यायचे, दोरीने आवळून बांधलेला, वर नाव-गाव लिहिलेला. डबा सामानात टाकायचा नाही, हातात धरायचा. "ड्यूटी-फ्रीतून जाताना दोन्ही हात भरलेले पाहिजेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि तो डबा पोचवायचा ठरलेल्या दिवशी, उतरल्यापासून तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत, स्वतः, चालत. ज्याच्याकडे द्यायचा तो असायचा अण्णांचाच आधीचा कुणीतरी, सोडून टिकलेला. तो डबा घ्यायचा, चहा टाकायचा आणि आणणाऱ्याला दुपारपर्यंत सोडायचा नाही. गेलेल्याला वाटायचं, आपण अण्णांचं काम केलं. मनोहर पहिल्या सुट्टीत असाच डबा घेऊन तीन गावं पलीकडे गेला, आणि परत आला तो सरळ, ताठ. "अण्णा, तुमचा माणूस भारी चिकट आहे," अशी तक्रार करत आला. तेव्हापासून दर दुसऱ्या गुरुवारी अण्णांना दुक्मच्या बसला सोडायचं काम मनोहरने आपणहून अंगावर घेतलं.

दुक्मला त्यांची चौदा माणसं होती. वाळवंटातून पाच-सहा तासांचा प्रवास करून जायचे, शुक्रवारी कॅम्पच्या जेवणघरात टेबलं एकत्र करून बसायचे, शनिवारी परत. तिथे त्यांची भाषा स्कॅफोल्डिंगची. उंचावर बांधलेल्या परांचीवर हिरवा टॅग असेल तरच चढायचं, लाल असेल तर नाही. तपासून सही आणि तारीख घालतात त्यावर. अण्णा म्हणायचे, "मेल्या, गेल्या आठवड्याचा टॅग दाखवून आज वर चढशील? तारीख बघ. आजची घाल." मोठमोठ्या पुस्तकांत जे दहा पानांत लिहिलेलं असतं ते कॅम्पवरच्या फिटरला एवढ्यात समजायचं. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. चौदा दांडगे पुरुष एका पांढऱ्या मिशांच्या माणसासमोर शाळेतल्या मुलांसारखे आपापली तारीख सांगत होते. मी बाहेर येऊन उगीचच मोबाइल बघत उभी राहिले.

आणि मग सरकारी नियम आला. महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न नव्हता, वर्षभराची मुदत होती. पण त्यानंतर लायसन्स नसलेल्या कुणालाही पेशंटसमोर बसता येणार नव्हतं. नियम चांगलाच होता. कुणीही उठून कुणाच्या डोक्याशी खेळू नये, हे मी एच.आर. म्हणून शंभर वेळा बोलले असेन. फक्त आता त्या नियमाच्या एका टोकाला अण्णा होते. लायसन्स नाही तर दुक्म नाही, पार्सल नाही, आणि अण्णांच्या व्हिसाला कारणही नाही. डॉक्टर सालेमांनी त्यांना विचारलं, "उस्ताद, अभ्यास करणार?" अण्णा म्हणाले, "इन्शाल्ला." इथे त्याचा अर्थ बहुधा 'बघू' असाच होतो. मग लगेच कान पकडून म्हणाले, "इन्शाल्ला नाय. करणार."

त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी डिप्लोमाला नाव घातलं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी प्रश्न वाचायचे आणि ते डब्यातला कालवणभात कालवत उत्तरं द्यायचे. त्यांचं इंग्रजी कॅम्पवर शिकलेलं. त्यातून ती परीक्षा कॉम्प्युटरवर, चार पर्यायांतून एक निवडायची. अण्णांचं तिथेच अडायचं. "मॅडम, चारही बरोबर आहेत. माणूस कोण आहे त्यावर आहे." मी म्हणायचे, अण्णा, कॉम्प्युटर माणूस विचारत नाही. "मग कॉम्प्युटरला दुक्मला न्या एकदा," असं म्हणून ते भात संपवायचे. पहिल्या खेपेला ते नापास झाले. त्या संध्याकाळी जिन्यात बसले होते. मला बघून उठले आणि म्हणाले, "लाल टॅग लागला. पण परांची पडली नाही." दुसऱ्या खेपेला पास झाले. क्लिनिकमध्ये मी पेढे वाटले. ते मी घरी केले होते आणि थोडे कडक झाले होते. कुणी बोललं नाही.

राहिला होता अर्ज आणि मुलाखत. अर्ज माझ्या हातचा मळ, असं मी सगळ्यांना सांगत होते. मी कुठलाही अर्ज तीनदा तपासते. पण त्या दिवशी मुलीच्या शाळेतून फोन आला, ती पायऱ्यांवरून पडली होती, आणि मी अण्णांनी जोडलेल्या प्रतींवरून नुसती नजर फिरवून फाइल पाठवून दिली. पंधरा दिवसांनी लायसन्सच्या कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. आवाज अतिशय सौजन्याचा होता. "मॅडम, फाइलमधल्या एका कागदाबद्दल समितीला विचारायचं आहे. 'ओमानमध्ये यापूर्वी मिळालेलं लायसन्स' या रकान्याला तुम्ही जी प्रत जोडली आहे, ती मुद्दाम जोडली आहे का?"

मी फाइलची प्रत उघडली. अरबीतलं छोटं कार्ड, कोपऱ्यात तरुण, जाड मिशांचे अण्णा. मी ते ड्रायव्हिंग लायसन्स समजले होते. ते होतं दारू विकत घेण्याचं परमिट. इथे बिगरमुस्लिम माणसाला कंपनीचं पत्र दाखवून असं परमिट काढता येतं. वीसेक वर्षांपूर्वी काढलेलं, कधीच मुदत संपलेलं. व्यसनमुक्तीच्या लायसन्ससाठी केलेल्या अर्जाला अण्णांनी पिण्याचं लायसन्स जोडलं होतं, आणि मी, तीनदा तपासणारी बाई, त्यावर क्लिनिकचा शिक्का मारून मोकळी झाले होते!

"अण्णा, हे काय करून ठेवलंत!" मी ओरडलेच. मला त्यांचा राग आला होता, त्याहून स्वतःचा.

"काय केलं?" अण्णा बुचकळ्यात. "त्यांनी विचारलंय, आधीचं लायसन्स. माका ओमानात एकच मिळालेला. गाडी मी चालवत नाय. खोटं लिवू?"

"अहो, निदान रकाना रिकामा तरी सोडायचात!"

"तुम्हाला रिकामा रकाना चालत नाय ना," ते म्हणाले. मी म्हटलं, पत्र लिहून तो कागद मागे घेऊ, चुकून जोडला म्हणू. अण्णांनी मान हलवली. "चुकून नाय जोडला. तो कागद मागे घेतला तर चौदा जणांना काय तोंड दाखवू?" आणि मग माझा चेहरा बघून पहिल्यांदाच त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही. "गो बाय, भितंस कित्याक?"

भीत होते, कारण मुदत संपायला बारा दिवस राहिले होते आणि चूक माझी होती. मुलाखतीच्या दिवशी मनोहरने आम्हाला बरक्याच्या दुकानाच्या गाडीतून नेलं. मागे पालकाच्या जुड्या आणि कांद्याच्या गोणी होत्या. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. आमच्या क्लिनिकची प्रतिनिधी म्हणून मला खोलीत बसायची परवानगी मिळाली. समोर तिघे होते. मधले वयस्क ओमानी डॉक्टर, त्यांच्या हातात त्या कार्डाची प्रत. ते हिंदी आपल्यापेक्षा स्वच्छ बोलत होते.

"ये क्या है?"

"साहब, ये मेरा पहला लायसन्स है," अण्णा म्हणाले. "इसके लिए कंपनी की एक चिट्ठी लगी थी. दूसरे के लिए तेरह साल लगे."

कुणी हसलं नाही. मी टेबलाच्या पायाकडे बघत होते. डॉक्टरांनी विचारलं, हे इतकी वर्षं जपून का ठेवलंत? अण्णांनी खिशातून पाकीट काढलं, आणि त्यातून ते मूळ कार्ड. कडा झिजलेल्या. टेबलावर ठेवलं. "हर पेशंट पहले यही बोलता है, आपको क्या मालूम? तब मैं ये दिखाता हूँ. फिर वो बैठता है."

उजवीकडच्या तरुण बाईंनी मग पार्सलचा विषय काढला. त्यांनी सगळी फाइल वाचली होती. पेशंटला भेटवस्तू देणं नियमात बसत नाही, त्या इंग्रजीत म्हणाल्या. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण अण्णांना कळलं होतं. "गिफ्ट नाय, मॅडम. डबा त्याचा नाही, दुसऱ्याचा. तो फक्त हमाल." गडबडीत ते मराठीतच बोलून गेले. मी भाषांतर केलं. 'हमाल' हा शब्द मधल्या डॉक्टरांना सांगावा लागला नाही, अरबीतही तोच आहे. ते एकदम हसले, मोठ्याने, खुर्ची मागे रेलून, आणि तरुण बाईंना अरबीत काहीतरी सांगू लागले. त्याही हसल्या आणि त्यांनी वहीत बरंच काही लिहून घेतलं. तिसऱ्यांनी विचारलं, सोडलेला माणूस पुन्हा प्यायला तर? अण्णांनी टॅगचं सांगितलं. त्या तिसऱ्या गृहस्थांचा भाऊ रिफायनरीवर काम करत होता, त्यांना टॅग समजावून सांगायची गरज पडली नाही.

उठताना मी घाईघाईने म्हणाले, "सर, तो कागद आम्ही फाइलमधून काढून घेऊ का?" मधल्या डॉक्टरांनी मूळ कार्ड दोन्ही हातांनी अण्णांना परत दिलं आणि प्रत फाइलमध्ये ठेवली. "नहीं," ते म्हणाले. "ये रहेगा. ये इनका अनुभव है."

लायसन्स आलं ते मुदत संपायच्या दोन दिवस आधी, गुरुवारी. मी ते हातात घेऊन अक्षरशः जिना धावत उतरले, आणि उतरताना रडतही होते, लपवून काय करू. अण्णांनी ते वाचलं, मागची बाजूही बघितली, तोंड धुऊन आले आणि घड्याळात बघितलं. "यल्ला मॅडम, बस सुटेल." प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ते दुक्मला घेऊन गेले. तिथे काय झालं ते मनोहरने मोबाइलवर दाखवलं, कारण त्या दिवशी तोही हट्टाने बसमध्ये चढला होता. चौदा जणांनी अण्णांना जेवणघराच्या टेबलावर उभं केलं होतं आणि त्यांच्या गळ्यात साइटवरचा खरा हिरवा टॅग अडकवला होता. खाली चौदा सह्या होत्या, आणि तारीख त्या दिवसाची. अण्णा लाजून "उतरवा रे, मेल्यांनो" म्हणत होते. आवाज इतका होता की बाकीचं काही ऐकू येत नव्हतं.

त्यानंतर सहा वर्षं त्यांनी काम केलं. 'पार्सल' आता आमच्या क्लिनिकच्या कागदपत्रांत एका भारदस्त इंग्रजी नावाने आहे, पण त्या नावाने त्याला कुणी हाक मारत नाही. नवीन आलेली पदवीधर मुलं पहिले तीन महिने अण्णांच्या खोलीत कोपऱ्यात बसायची. त्यातली निम्मी तरी टिकली. डॉक्टर सालेमांनी मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बहुधा तेच असावं.

गेल्या वर्षी अण्णा कायमचे गावी गेले. विमानतळावर त्यांना सोडायला जी माणसं आली होती, त्यांतला प्रत्येक जण हातात दोरीने बांधलेला डबा घेऊन. वर नाव-गाव. अण्णांचं स्वतःचं सामान त्यामुळे निम्मं इथेच राहिलं; कपडे, भांडी, रेडिओ, सगळं. "आता मी हमाल," ते म्हणाले. दोन्ही हात भरलेले होते, म्हणून कुणाचा हात हातात घेता आला नाही. नुसती मान हलवून ते आत गेले. मला वाटलं होतं मी रडेन. पण त्या डब्यांच्या राशीकडे बघून हसूच येत राहिलं.

मागच्या महिन्यात माझ्या टेबलासमोर मनोहर बसला होता. गाडी केव्हाच सोडली, डिप्लोमा केला, परीक्षा पहिल्याच खेपेला पास. कॉम्प्युटरशी तो वाद घालत नाही. मी अर्ज भरायला घेतला. प्रतींच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर एका दारूच्या परमिटाची प्रत होती, बरक्याच्या आधीच्या कंपनीत काढलेल्या, कोपऱ्यात तरुण मनोहर. तो माझ्याकडे बघत होता, मी काय करते ते. मी ती नीट टाचली आणि अनुभवाच्या रकान्यापाशी आले.

"किती?" मी विचारलं.

"सोडून आठ वर्षं, मॅडम."

"आणि त्याच्या आधी?"

मनोहरने टाचलेल्या प्रतीकडे बघितलं. मग म्हणाला, "नऊ."

मी दोन्ही लिहिले. शाईने.